बादलीचं दुःख

सकाळी पावणेआठला तळ्याकाठच्या बागेत दीडशे माणसं हातात एकेक दगड घेऊन रांगेत उभी होती. त्यात बँकेतले होते, शाळेतले होते, एक तर निवृत्त न्यायाधीश होते, आणि आपण हे काय करतोय असं त्यांतल्या एकालाही वाटत नव्हतं. रांगेच्या टोकाला टेबल होतं, टेबलावर वजनकाटा होता, आणि काट्यामागे उंच खुर्चीत पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात हलकेबाबा बसले होते.

बेकरीवाल्याने आपला दगड काट्यावर ठेवला.

"आला तेव्हा चारशे दहा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता चारशे एक्कावन्न. बाळा, एक्केचाळीस ग्रॅम दुःख तुझ्या देहातून निघून ह्या दगडात गेलं. काय वाटतंय?"

"हलकं वाटतंय," बेकरीवाला म्हणाला. चाळीस मिनिटं चालून आलेल्या दीडशे किलोच्या माणसाला धाप लागते, तशी त्याला लागली होती. पण चेहरा खरंच उजळला होता.

"वाटणारच. दुःख दिसत नाही म्हणून हसतात लोक. अरे, वारा तरी कुठे दिसतो? दुःखाला वजन असतं. म्हणून आपण मनावरचं ओझं म्हणतो. मनावरचा फुगा म्हणतो का?"

गर्दीने माना डोलावल्या. फुगा कोणीच म्हणत नव्हतं.

"आणि काटा खोटा म्हणाल, तर हे बघा." बाबांनी काट्याच्या पोटावरचं लाल सील बोटाने दाखवलं. "तोळाभाऊंचं सील आहे. ते समोरच बसलेत."

तोळाभाऊ समोरच बसले होते, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

तोळाभाऊ म्हणजे गावातले वजनकाटे दुरुस्त करणारे. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. नुसत्या तळहातावर वस्तू घेऊन ते ग्रॅमात वजन सांगत आणि सहसा चुकत नसत. घरी आमटीत मीठ किती पडलं हेही सांगत, म्हणून घरात त्यांना स्वयंपाकाच्या वेळी बाहेर बसवत. दोन आठवड्यांपूर्वी बाबा स्वतः काटा घेऊन दुकानात आले होते. भाऊंनी प्रमाण वजनं एकेक करून ठेवून पाहिली. काटा सोन्यासारखा खरा निघाला. त्यांनी सील ठोकलं आणि वर चार लोकांना सांगितलंही, की बाबांचा काटा मी तपासलाय, त्यात फसवाफसवी नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण भाऊंनी सील ठोकलं त्यामागे खरं कारण ताई होती.

ताई म्हणजे भाऊंची मोठी बहीण, त्यांच्याच घरात राहणारी. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तिचं मशीन थांबलं ते थांबलंच. लोक विचारत, "अहो, पण झालं तरी काय?" झालं काहीच नव्हतं, आणि तीच मोठी पंचाईत होती. काही झालं असतं तर सांगता आलं असतं. सकाळी एका पायात मोजा घालून ती पलंगाच्या कडेला बसायची, आणि भाऊ दुपारी जेवायला आले की दुसरा मोजा तिच्या हातातच असायचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. त्यांनी ती जेवायला लागली, विचारलं तर उत्तर द्यायला लागली. घराचा उंबरा मात्र ओलांडेना. तो ओलांडला ह्या दगडामुळे. गेले वीस दिवस ती पहाटे उठत होती, बाबांनी दिलेला दगड त्यांच्या नियमाप्रमाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तळ्याला चार फेऱ्या मारत होती, आणि परवा भाऊंच्या चहात साखर कमी पडली म्हणून त्यांच्यावर चक्क डाफरली होती. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शिवाय तिचा दगड सगळ्यांत जड भरायचा. रोज साठ, पासष्ट. एकदा एकाहत्तर. बाबांनी तिला टाळ्या मिळवून दिल्या होत्या. भाऊ वहीत रोज आकडा लिहून ठेवत.

मग मंगळवारी काय झालं, ताईने संध्याकाळी भांडी घासली आणि दगड चुकून मोरीच्या कट्ट्यावर ओल्यात राहिला. भाऊंनी तो पुसून ठेवावा म्हणून उचलला, आणि हात जागच्या जागी थांबला. हात म्हणत होता, साडेचारशेच्या वर. सकाळी घरून निघताना तो चारशेच होता, आणि दुपारभर शेगडीजवळ वाळत पडलेला होता. कोणी त्याला घेऊन चाललं नव्हतं. कोणी त्याच्याजवळ रडलं नव्हतं.

भाऊ दगड घेऊन तडक दुकानात गेले. आधी तो दिव्याखाली चांगला वाळवला. मग ओल्या फडक्यात गुंडाळून स्टुलावर ठेवला आणि चाळीस मिनिटं घड्याळ बघत बसले. वजन केलं. स्टुलाचं दुःख निघालं एकोणचाळीस ग्रॅम.

दगड पुन्हा वाळवून त्यांनी सरळ बादलीत टाकला. दगडातून बुडबुडे निघाले, भजन चालावं तसे एका लयीत. बाहेर काढला तर अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. म्हणजे गावातली सगळ्यांत दुःखी जर कोणी असेल, तर ती ही प्लॅस्टिकची निळी बादली. भाऊंनी नखाने दगडाचा राखाडी रंग खरवडला. आत लालसर, कच्ची भाजलेली माती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथे दगडाच्या रंगाखाली वीटच होती, आणि कोरडी वीट पाणी पिते हे घर बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

"काटा खरा होता," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "मी काटा तपासला. काट्यावर काय ठेवतात ते बघितलंच नाही. आयुष्यभर हेच काम केलं आणि एवढी साधी गोष्ट चुकली."

दुसऱ्या दिवशी ते दगड पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दगड टेबलावर ठेवला, दोन चमचे पाणी वर ओतलं, आणि पाणी नाहीसं झालेलं बाईंना दाखवलं. बाई आधी हसल्या, मग त्यांना राग आला.

"आठ महिने मी तुमच्या ताईंना काय सांगत होते? सकाळच्या उजेडात चाला. रोज एकाच वेळी उठा. एकट्या बसू नका, माणसांत जा, हाताला काही काम ठेवा. कागदावर लिहूनसुद्धा दिलं. उदास मनाला ह्याने खरंच उभारी येते, पुष्कळांना येते. पण माझ्याकडे दगड नव्हता ना. म्हणून कोणी ऐकलं नाही."

"म्हणजे ती बरी होतेय ती चालण्याने?"

"चालण्याने, उजेडाने, सोबतीने, आणि गोळ्यांनी. सगळ्यांचा थोडा थोडा हात आहे. काहींना नुसतं चालणं-बोलणं पुरतं, काहींना औषधही लागतं, हे माणसागणिक ठरतं. दगडाचा संबंध म्हणाल, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

भाऊ खाली मान घालून बसले. "बाई, रविवारी एकविसावा दिवस आहे. बाबा म्हणालेत, त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या गोळ्या आणून मोठ्या हंड्यात बुडवायच्या. दगड असताना गोळी म्हणजे अविश्वास, असं म्हणालेत."

बाईंचा चेहरा पालटला. "अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. कमी करायच्या तर मला विचारून, हळूहळू. नाहीतर ताई पुन्हा मोजा हातात घेऊन बसतील. आजच सांगा त्यांना."

सांगा म्हणणं सोपं होतं. भाऊंनी गुरुवारी सांगायचं ठरवलं, शुक्रवारी ठरवलं, शनिवारी तर तोंडही उघडलं. पण ताई गुणगुणत बटण टाचत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हातात सुई होती. आपण दगड फोडला आणि त्याबरोबर हीही मोडली तर? ह्या विचाराने भाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "काय रे, काय म्हणत होतास?" ताईने विचारलं. "मीठ जास्त आहे आज," भाऊ म्हणाले. त्या दिवशी स्वयंपाक त्यांनीच केला होता.

तर आता रविवार होता. टेबलाशेजारी पितळी हंडा भरून ठेवलेला होता. ताईने निघताना गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलेलं भाऊंनी पाहिलं होतं. आणि भाऊंच्या पायाशी त्यांची निळी बादली होती.

बेकरीवाला हंड्याकडे वळला, तसे भाऊ उठले.

"बाबा, एक मिनिट. सील माझं आहे, तेव्हा मला बोलू द्या. आज मीही तुमच्याकडचा एक दगड घेतला आणि तो त्या बाकाला दिला होता. ओल्या फडक्यात, चाळीस मिनिटं. बाक कुठेही चाललेला नाही." त्यांनी दगड काट्यावर ठेवला. "बेचाळीस ग्रॅम. बाकाला कसलं दुःख?"

गर्दीत कुजबुज झाली. बाबा मात्र जराही डगमगले नाहीत. ते बाकाकडे अपार मायेने पाहत राहिले.

"त्या बाकावर आजवर किती दुःखी माणसं बसून गेली असतील," ते म्हणाले.

दीडशे माणसांनी हळहळून बाकाकडे पाहिलं. न्यायाधीश रांगेतून जरा त्यावर टेकले होते, ते अदबीने उठून उभे राहिले.

भाऊंनी मग बादली पुढे केली, दगड टाकला, बुडबुडे दाखवले, काढून वजन केलं. "अठ्ठ्याहत्तर. आता बादलीचं काय?"

"पाणी म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "जगातले सगळे अश्रू शेवटी पाण्यालाच जाऊन मिळतात."

"बरोबर आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ ओली बाही घेऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदाच ताईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. बाबांनी ती नजर हेरली.

"आपण ताईंनाच विचारू. सगळ्यांत जड दगड त्यांचा. एकाहत्तर ग्रॅम. या ताई, सांगा ह्या शंकेखोर भावाला, तुमचं दुःख कुठे गेलं?"

ताई रांगेतून निघाली. सावकाश टेबलापर्यंत आली.

"दुःखाचं मला माहीत नाही," ताई म्हणाली. "दगडाचं माहीत आहे. वर्षानुवर्षांच्या शिवणकामाने माझं मनगट दुखतं. तो घेऊन चालणं मला जमेना. म्हणून पाचव्या दिवसापासून मी त्याला फाटकाजवळच्या नळाखाली ठेवते आणि शेवटच्या फेरीत उचलते. नळ गळतो. त्यामुळे माझा दगड जड."

रांगेतल्या काहींनी आपापले दगड पालथे करून पाहिले.

"मग फेऱ्या?" बेकरीवाल्याने विचारलं.

"रिकाम्या हाताने. तुमच्याशीच तर बोलत चालते ना रोज? तुमच्या सुनेचं, भट्टीचं, गुडघ्याचं. दगडाशी काय बोलायचं, तो उत्तर देत नाही."

बाबांनी हात वर केला. "नळसुद्धा दुःखी असू शकतो. थेंब थेंब गळणं म्हणजे..."

"त्याचा वॉशर गेलाय," मागून माळी म्हणाला. "चार महिने सांगतोय ऑफिसात."

आधी न्यायाधीश हसले. न्यायाधीश हसले म्हटल्यावर इतरांना मोकळीक मिळाली. बेकरीवाला पोट धरून हंड्याच्या काठाला टेकला, त्याने आपला दगड टेबलावर आपटला, तो फुटला आणि आतून लाल, ओली वीट सगळ्यांना दिसली. हसणं थांबेपर्यंत बाबा खुर्चीतून उतरले होते, आणि फाटकातून बाहेर पडताना पाय घसरू नये म्हणून नळाजवळ जरा जपून चालले.

भाऊ ताईजवळ गेले. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू वहीत आकडा लिहायचास तेव्हा इतका खूश दिसायचास," ताई म्हणाली. "मला वाटलं, खरं सांगितलं तर तू मोडशील."

इतके दिवस दोघं एकमेकांना त्या विटेपासून वाचवत होती.

"आणि गोळ्या? पिशवीत घेतल्यास ना तू?"

"चालून झाल्यावर नाश्त्यानंतर घ्यायच्या असतात, म्हणून घेतल्या. हंड्यात टाकायला मला काय वेड लागलंय? बरं वाटतंय म्हणून उद्या डॉक्टरीणबाईंना विचारेन, कमी करायच्या का. नको म्हणाल्या तर घेईन." मग ती गर्दीकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कोणी काही टाकू नका. ज्याने दिल्यात त्याला विचारा. आणि बाबा गेले म्हणून घरी झोपून राहू नका. तळं त्यांचं नव्हतं. सूर्य त्यांचा नव्हता. पाय आपलेच होते. मी उद्या सहाला फाटकाशी आहे."

सोमवारी सहाला चौऱ्याऐंशी माणसं आली. दीडशे नाही, चौऱ्याऐंशी. जे खरं ते सांगावं. बाकीच्यांतले काही पुढच्या गावात एका बाईकडे जातात असं कळलं, ती म्हणे उदासी मापपट्टीने मोजते. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. भेटले की भाऊ एवढंच विचारतात, मापपट्टी बघितलीत, पण ती कशाला लावतात ते बघितलंत का? चमत्कार दाखवणारा नेहमी खरी वस्तू आपल्या डोळ्यांसमोर धरतो आणि खोटी हातात देतो. आपण हातातली बघावी. आणि मन जड झालं असेल तर लाजू नये, डॉक्टरांना सांगावं, माणसांत यावं, उजेडात चालावं. त्याला दगड लागत नाही.

काट्यावरचं सील भाऊंनी त्या रविवारीच स्वतः खरवडून काढलं. त्या रात्री जेवताना त्यांनी वही उघडून ताईपुढे धरली. "आता ह्यात काय लिहू?"

ताईने पेन घेतलं, सगळ्या आकड्यांखाली रेघ मारली, आणि लिहिलं: नळाला वॉशर बसवणे.