आक्काचं हिरवं लुगडं

हैबतराव कोळवणात जमिनीची दलाली करायचा आणि त्याच्या फोनवर एक्केचाळीस ग्रुप होते. भावकीचा, देवळाच्या उत्सवाचा, फार्महाउसवाल्यांचा, प्लॉटचे तर विचारूच नका! सकाळी उठून बघावं तर सातशे निरोप. माणसानं वाचायचं किती अन् जगायचं कधी? शेवटी त्यानं युक्ती काढली. वाचायचंच नाही. केक दिसला की शुभेच्छा, हार घातलेला फोटो दिसला की नुसतं 'भा' दाबायचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' फोनच पुढं करायचा. कुणाचा रुसवा नको, एवढंच.

त्याची थोरली बहीण रत्नाबाई मुठ्याला दिली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. दिवाळीपासून ती अंथरुणाला खिळली होती. सवाष्ण बाई गेली की भावानं आणलेलं माहेरचं हिरवं लुगडं अंगावर घालतात, मगच तिला उचलतात. मागच्या आठवड्यात तिनं त्याचं मनगट धरलं होतं. "हैबती, मला बाकी कायबी नगं. त्येवढं लुगडं तुज्या हातानं घाल."

"घालीन की गं आक्का," तो म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर आला.

सोमवारी बावधनची पार्टी जमीन बघायला आली. हैबतराव बांधावर उभा राहून हद्द दाखवत होता, आणि फोन काही गप्प बसेना. बोलता बोलता त्यानं अंगठ्यानं निरोप उरकले. एक हार दिसला. 'भा' दाबलं, पुढं सरकला.

तीन वाजता चहाच्या टपरीवर भावकीतला गेणबा भेटला. "आरं, तू हितं कसा? आक्काच्या मातीला गेला न्हाईस?"

"कुनाच्या आक्काच्या?"

"तुज्याच की! सकाळी तूबी श्रद्धांजली टाकलीस."

हैबतरावानं चहा तसाच टाकला. दुकानातून लुगडं घेतलं आणि मोटरसायकल पिटाळत तो मुठ्याला पोचला. माणसं नदीवरून परत येऊन दारात पाय धूत होती. भाचा शंभू पुढं आला.

"मामा, निरोप टाकला आन मिंटात तुमचं उत्तर आलं. म्हनलं, मामाला कळलंय, निगालं असत्याल. म्हनून आदी फोनबी केला न्हाई, मागनं केला तर लागंना. दोन वाजंपत्तुर आईला अंगनात ठिवली. लोकं बोलाय लागली. शेवटी शेजारच्या जैनबबीनं पेटीतलं कोरं हिरवं लुगडं आणलं. म्हनली, मलाच तिचं म्हायेर समजा."

"शंभू, मी वाचलंच न्हवतं रे! देवाशपथ."

"न वाचताच श्रद्धांजली टाकली?"

हैबतरावानं लुगड्याची पिशवी पुढं केली. "चितंवर तरी ठिवून येतो."

शंभूनं पिशवीला हात लावला नाही. "नगं, मामा. आईचं म्हायेर येऊन गेलं."

हैबतराव दारातल्या चपलांशेजारी मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही.