कोळंबीच्या धक्क्यावरचा जनरेटर

मी एक जुना जनरेटर आहे, मित्रांनो, आणि आता गंजायला लागलो आहे. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, खाडीकाठच्या एका गावात, क्लोटीलबाईंच्या कोळंबीच्या धक्क्यावर माझा मुक्काम आहे. एका वादळात वीज गेली आणि बाईंचा सगळा माल नासला. "पुन्हा असं होऊ द्यायचं नाही," म्हणून त्यांनी मला विकत आणलं. शीतखोली चालू राहिली तरच त्यांचा धंदा टिकणार होता.

माझे काय लाड झाले म्हणून सांगू! दर महिन्याला बाईंचा भाऊ युलिस माझी दोरी ओढायचा आणि मी धडधडत सुरू व्हायचो. मग माझ्या विजेवर पंखा फिरायचा, रेडिओ वाजायचा, कॉफी उकळायची. शेजारी गंबोचं, म्हणजे इकडच्या कोळंबीच्या दाट रश्श्याचं, पातेलं घेऊन यायचे.

"ताई, हा असताना तुला कसली गं काळजी?" युलिस म्हणायचा.

"एकदा शीतखोली जोडून बघू या का?" बाईंनी विचारलंही होतं.

"नको गं बाई! आत माल भरलाय. उगाच वीज बंद करून त्याची वाट लावायची का?"

मला ओरडावंसं वाटलं, अरे, जोडा! पंखा फिरवणं निराळं, ती अवाढव्य खोली ओढणं निराळं. पण मला धडधडण्यापलीकडे काय येतं? त्या धडधडीचंही मंडळींना कौतुकच वाटायचं.

मग पुन्हा वादळ आलं. धक्का वाचला, छप्पर वाचलं, वीज मात्र गेली. आत हंगामाची सगळी कोळंबी होती. युलिसने मला सुरू करून शीतखोली जोडली. मी जीव तोडून जोर लावला हो! घरघरलो आणि बंद पडलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"परवापर्यंत तर ठणठणीत होता!" युलिस रडकुंडीला आला.

"तो ठणठणीतच आहे रे," बाई खाली बसत म्हणाल्या. "हे त्याच्या ताकदीचं कामच नाही. आपण कधी बघितलंच नाही."

काही दिवसांत वास सुटला. कोळंबी फावड्यांनी ओढून फेकावी लागली. आता होड्या पुढच्या गावात माल उतरवतात आणि बाई तिथे दुसऱ्याच्या धक्क्यावर कोळंबी सोलतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला नुसता पुसून चकचकीत ठेवू नका. एखाद्या निवांत दिवशी खरं ओझं त्याच्यावर टाका. बंद पडला तर पडू द्या. मी तसा वेळेवर बंद पडलो असतो, तर बाईंचा धक्का आज चालू असता.