सात दिवसांचं पाणी

आमच्या कॉलेजात तेव्हा एक चांगली पद्धत होती, आणि चांगल्या पद्धतींचं जे होतं तेच पुढे तिचं झालं, म्हणजे ती बंद पडली. ज्युनियर बी.एस्सी.च्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याला हौस असली तर परीक्षेच्या अभ्यासाबाहेर एक छोटं संशोधन करता यायचं. एक प्राध्यापक मार्गदर्शक असायचे. वर्षाअखेर समितीसमोर निबंध वाचायचा, तो पटला तर पदवीच्या कागदावर तशी एक ओळ चढायची. त्या ओळीवर पुढे नोकरी मिळू शकत होती. १९५५ साली भूगर्भशास्त्राच्या वर्गातून एकच नाव गेलं, ते माझं. रामदास भिवा मोहिते, राहणार डिलाईल रोड, बीडीडी चाळ. वडील गिरणीत, आई घरात, आणि आमच्या अख्ख्या मजल्यावर कॉलेजात जाणारा मी एकटा. त्या ओळीची माझ्यापेक्षा मजल्यालाच जास्त घाई होती.

माझे मार्गदर्शक होते कमलाकांत त्रिलोकेकर. जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातले. आजोबांच्या नावावर गिरगावात एक वाडी होती, सरांच्या वाट्याला त्या वाडीतल्या दोन खोल्या उरल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण राजलक्ष्मीबाई घर सांभाळायच्या. वाडीच्या मधोमध एक विहीर होती आणि सरांचा प्रश्न त्या विहिरीचाच होता. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, मग भरतीओहोटीबरोबर विहिरीचं पाणीही वरखाली होतं का, आणि होत असेल तर किती? रोज संध्याकाळी पाच वाजता पाण्याची पातळी मोजायची, एकशेवीस दिवस.

सरांनी मला एक दोरी दिली. फुटाफुटाला गाठ, टोकाला शिशाचा ओळंबा. ओळंबा पाण्याला टेकला की दोरी किंचित सैल पडते, तिथे चिमटीत धरायची आणि काठापर्यंतची लांबी मोजायची. "एखादा दिवस राहिला तर राहिला असं लिहायचं," सर म्हणाले, "उगाच काही भरायचं नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं.

आता माझ्यासारख्या पोरानं गिरगावातल्या वाडीच्या विहिरीत दोरी सोडायची म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला होता, पण कायदा काही वाडीत राहायला आला नव्हता. तळमजल्यावरच्या आनंदीबाई पहिल्याच दिवशी हंडा घेऊन कठड्याशी थांबल्या आणि सरांना म्हणाल्या, "भाऊ, हा कुठला?"

"कॉलेजचा," सर म्हणाले. "माझा विद्यार्थी."

दुसऱ्या दिवसापासून आनंदीबाईंचा हंडा पाचच्या आधी भरला जाऊ लागला. सरांनीही पाणी काढणारी बादली न देता पाण्याला नुसता टेकणारा ओळंबा दिला, तो शास्त्र म्हणून की सोय म्हणून, असं माझ्या मनात अनेकदा आलं. विचारलं मात्र कधी नाही.

ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत एकही दिवस चुकला नाही. तापात गेलो, दिवाळीत गेलो. पाणी खरंच हलत होतं. उधाणाच्या दिवसांत वर यायचं, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत सुस्तावायचं. सर आकडे बघून नुसतं "हं" म्हणायचे, पण त्यांच्या "हं"चे प्रकार मला कळायला लागले होते आणि त्यांतले दोन-तीन माझ्या कौतुकाचे होते. मी त्या माणसासाठी विहिरीत उतरलोही असतो.

मग मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि शहर पेटलं. गिरगावात, लालबागला, परळला गोळीबार. करफ्यू. ट्राम बंद, गिरण्या बंद. आई दाराशी बसून राहिली. "खाली पाय टाकलास तर माझी शपथ हाय," म्हणाली. पहिल्या दिवशी मी पाच वाजता गॅलरीत उभा राहून चक्क तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटलो, इतकी ती सवय अंगात भिनली होती.

चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतला गणपत नाक्यावर पडला. मांडीत गोळी. बापानं, मी आणि आणखी दोघांनी त्याला खाटेवर घालून हॉस्पिटलात नेलं. शर्टाचं पांढरं फडकं काठीला बांधून माझा बाप पुढे ओरडत होता, "आजारी माणूस हाय, आजारी माणूस हाय." गणपत वाचला. पाय मात्र गुडघ्यात कायमचा आखडला.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी करफ्यू सैल झाला आणि मी वही उघडली. सात ओळी कोऱ्या.

त्या तशाच ठेवायच्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या वहीत कोरी ओळ म्हणजे कोरी ओळ. पण माझ्या वहीतली कोरी ओळ बघून समितीतलं कोणीतरी म्हणेल, या लोकांचं असंच, चार दिवस येतात आणि मग दांड्या. हे कोणी म्हणालं नव्हतं. मीच ते ऐकत होतो, लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी बंदराचं भरतीचं कोष्टक समोर घेतलं आणि दुपारच्या उजेडात, अगदी शांतपणे, सात आकडे तयार केले. उधाण ओसरून भांग लागत होता, त्या हिशेबानं पाणी हळूहळू सुस्तावत नेलं. अकरा फूट चार इंच, अकरा फूट सहा. एक आकडा मुद्दाम जरासा वाकडा टाकला, खरा वाटावा म्हणून. लबाडीत मी हुशार निघालो. ज्या संध्याकाळी पाच वाजता मी गणपतच्या खाटेचा पाय धरून धावत होतो, त्याच पाच वाजता माझ्या वहीनं मला गिरगावात विहिरीवर उभं केलं होतं.

त्या संध्याकाळी वाडीत गेलो. सरांचे डोळे लाल होते, सारखे रुमालानं टिपत होते. त्यांनी वही चाळली. त्या पानावर थांबले.

"करफ्यूत कसा आलास?"

"गल्ल्यागल्ल्यांतून, सर."

"सातही दिवस?"

"हो."

सरांनी वही मिटली. "चहा घेऊन जा," म्हणाले. यावेळी "हं" आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. लावायचाच नव्हता.

एकशेवीस दिवस फेब्रुवारीअखेर पुरे झाले. मी आलेख काढला. इतका देखणा आलेख वर्गात कोणी काढला नव्हता, चार महिन्यांची ती रेघ एकदाही बिचकत नव्हती. निबंधाला सरांचं प्रमाणपत्र जोडायचं होतं: नोंदी विद्यार्थ्यानं स्वतः घेतल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. छापील कागद, खाली फक्त सही. मी दोनदा समोर धरला. "बघू," सर म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "समितीच्या दिवशी करतो."

समितीच्या दिवशी दुपारी मी वाडीचा नकाशा आणायला सरांच्या घरी गेलो. सर आधीच कॉलेजात गेले होते. राजलक्ष्मीबाईंनी नकाशाची गुंडाळी काढून दिली आणि मला बसवलं.

"आज तुझा निबंध ना? नीट वाच हो. त्या पाण्यापायी आमच्या कमलाकांतचे डोळे जायचे राहिलेत." "त्या पाण्यापायी?" मी विचारलं. "म्हणजे तुला बोलला नाही तो? करफ्यूत रोज पाचला खाली उतरायचा. मी किती भांडले. म्हणायचा, पोराला तिकडून येता येणार नाही, त्याची नोंद का चुकावी? एकदा अश्रुधुराचं नळकांडं वाडीतच येऊन पडलं, तरी हातातली दोरी टाकली नाही. डॉक्टर अजून थेंब घालायला सांगतात. वही असेल बघ तिथे टेबलावर."

वही टेबलावर होती. मी ती उभ्यानंच वाचली. सरांचं बारीक, ताठ अक्षर.

१७ जानेवारी. तेरा फूट एक इंच. सकाळपासून वाडी पाणी उपसते आहे. अश्रुधूर.

१८ जानेवारी. चौदा फूट दोन इंच. रस्त्यावरची माणसं आत येऊन डोळे धुतात. आनंदीबाईंनी कठड्यावर घागरी भरून ठेवल्या आहेत. कोण, कुठला, विचारत नाहीत.

१९ जानेवारी. चौदा फूट आठ इंच. दारातली फरशी धुतली. एक माणूस तिथे पडला होता. नाव कळलं नाही.

अशी सात पानं. त्या आठवड्यात विहीर तीन फुटांहून जास्त खाली गेली होती आणि समुद्राचा तिच्याशी काही संबंध नव्हता. लोकांनी ती उपसली होती, एकमेकांच्या डोळ्यांसाठी. आणि माझ्या देखण्या आलेखात त्या सात दिवसांत गिरगावात काहीच घडलं नव्हतं. पाणी आपलं निवांत, कोष्टकाप्रमाणे. मला माझीच इतकी किळस कधी आली नाही, ना त्याआधी ना नंतर. सर दीड महिना हे जाणून होते. मी "हो" म्हणालो त्या क्षणापासून.

"घेऊन जाऊ का ही?" मी विचारलं.

"ने की, तुझ्याचसाठी तर लिहिलीय," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

समितीत प्रिन्सिपॉल होते आणि बाहेरच्या कॉलेजांतले दोघे. सर टेबलाच्या कडेला, त्यांच्यासमोर ते छापील प्रमाणपत्र, टोपण काढलेलं पेन बाजूला. ते सही करणार होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. मी निबंध वाचायला उभा राहिलो. विहिरीचं वर्णन, पद्धत, पहिले ऐंशी दिवस. मग कागद खाली ठेवला. पाणी प्यायलो.

"सोळा ते बावीस जानेवारीच्या नोंदी मी घेतलेल्या नाहीत," मी म्हणालो. "मी त्या घरी बसून तयार केल्या. त्या खोट्या आहेत. खऱ्या नोंदी त्रिलोकेकर सरांनी घेतल्यात, त्या वाचतो."

आणि वाचल्या. सातही, शेऱ्यांसकट. वाचून झाल्यावर पाहुण्यांपैकी एकजण चष्मा पुसत म्हणाले, की तरुणाचा प्रामाणिकपणा ठीक आहे, पण ज्या वहीत सात आकडे बनवले त्या वहीतल्या बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा. या निबंधाचा विचार करता येणार नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि पुढे त्यांच्या जागी बसलो तेव्हा म्हणालोही.

जिन्यात सर भेटले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब," सर म्हणाले. डोळे टिपले. "आधी माझं ऐक. त्या दिवशी तू गल्ल्यागल्ल्यांतून आलो म्हणालास. तुझ्या जागी तुमच्या वर्गातला, आमच्यातलाच मनमोहन असता तर मी वही भिरकावली असती. बापाला बोलावून घेतलं असतं. तुला मी चहा पाजला."

"मला वाटलं, हा इतक्या लांबून आलाय, याला तोडून बोललो तर परत येणार नाही. मी तुला सांभाळून घेत होतो, रामदास. दीड महिना स्वतःला चांगला माणूस समजत होतो." त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "विद्यार्थ्याला झापतात. दया करायची ती परक्यावर. चुकलं माझं."

मला राग आला. सरांचा आला, कारण ते खरं बोलत होते. माझाही आला, कारण कोरी ओळ ठेवायला मी ज्या गोष्टीला घाबरलो, तीच गोष्ट त्यांच्या गोड वागण्यात होती आणि मी तिला माया समजून चहाबरोबर पिऊन आलो होतो. "तुम्ही झापायला हवं होतं," मी म्हणालो, आणि आवाज चढला याची मला लाज वाटली नाही.

"सिनियरला परत करशील? पहिल्या दिवसापासून?"

"करीन."

पदवीवरची ती ओळ एक वर्ष लांबली. घरी सांगितलं तेव्हा बाप दोन दिवस बोलला नाही. आई म्हणाली, "खरं सांगितलंस ना? मग जेव." मजल्यावर काय सांगायचं ते तिनं तिचं ठरवलं.

त्या दसऱ्याला आम्ही घरचे सगळे नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलो आणि परतल्यावर मी पुन्हा दोरी हातात घेतली. नोव्हेंबरातली गोष्ट. एका संध्याकाळी घाईत मी ओळंबा हेलकावत असतानाच आकडा लिहिला. सर वरच्या गॅलरीतून बघत होते. जिना दणाणत खाली आले आणि वाडीच्या मधोमध, खिडक्या-दारांत माणसं उभी असताना, त्यांनी मला असं झापलं की काय सांगू. डोळे आहेत का बटणं, इथपासून सुरुवात. शास्त्र म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, दोन इंच म्हणजे काय. माझा बापही मला असं कधी बोलला नव्हता.

आनंदीबाई हंडा खाली ठेवून मध्ये पडल्या. "जाऊ द्या हो भाऊ, परक्याचं पोर आहे."

"परक्याचं नाही," सर त्यांच्यावरही खेकसले, "माझा विद्यार्थी आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

मी मान खाली घातली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला फार, फार बरं वाटत होतं. मी तो आकडा खोडला आणि दोरी पुन्हा सोडली.