युवराजदादांची एन्ट्री

चोर पकडायला इतक्या थाटात आजवर कुणी आलं नसेल. पहिल्या चौकटीत गाड्यांचा ताफा, दुसरीत काळा चष्मा, तिसरीत पांढरेशुभ्र बूट. केज तालुक्यातली धूळसुद्धा माणूस बघून बसते म्हणायची.

"कसं वाटलं, ताई?" समोर बसलेल्या शिवशंकरने दीपमालेला विचारलं. तो साप्ताहिकाचा संपादक. तिचे वडील मोहनराव सर त्याच्याकडे वर्षानुवर्षं रहस्यचित्रकथा काढत. चित्रं त्यांची, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं लेकीची. नायक बद्रीनाथ, एसटीतला निवृत्त कंडक्टर. बिनतिकिटाचा उतारू हेरावा तसा तो गर्दीतून चोर हेरायचा. चैत्रात सर गेले आणि देवीच्या चांदीच्या मुखवट्याच्या चोरीची गोष्ट अर्ध्यातच राहिली. चोर कोण, हे ते लेकीलाही सांगून गेले नव्हते. शिवशंकरने पुढची पानं दुसऱ्याच चित्रकाराकडून काढून आणली होती.

"हे युवराजदादा म्हणजे..."

"आपलेच की! औंदा इलेक्शनला उभे हायत. चेहरा हुबेहूब आलाय ना?"

"आणि बद्रीनाथ?"

"हाय की मागं. शेवटी दादांना हार घालतो अन् घरी बसतो. लई म्हातारं झालंय ते, ताई. कुठवर पळवायचं?"

तेराव्याला बुंदी खाताखाता लोक सरांबद्दलही असंच बोलले होते.

"तुमी नुसती अक्षरं भरा. वाचकांना तुमचंच वळण ओळखीचं हाय."

तो गेल्यावर ती बोरू घेऊन बसली. बद्रीनाथने एकदा हार घातला की वडिलांचं सगळं काम त्या हाराखाली संपणार होतं. शिवशंकरने लिहून दिलेले संवाद ती एकेका फुग्यात उतरवू लागली. दादा गाडीतून उतरतात आणि कुणाला काही न विचारता बोट दाखवतात: "मुखवटा ह्या पेवात हाय, काळ्या घोंगडीत गुंडाळलेला!"

दीपमालेचा हात थांबला. धान्याच्या त्या पेवात घोंगडी टाकणारे दोन हात सरांनी आधीच्या अंकात काढले होते, चेहरा अंधारात ठेवला होता. गोष्टीतल्या गावात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं वाचकांना, आणि चोराला. आणि दादा काही वाचणाऱ्यांतले नव्हते.

चैत्रानंतर ती पहिल्यांदा हसली.

दादांचा एकही शब्द तिने बदलला नाही. शेवटच्या चौकटीत बद्रीनाथ हार घेऊन उभा होता. त्याच्या फुग्यात 'धन्य झालो, दादा' असं लिहायचं होतं. तिने लिहिलं, "दादा, घोंगडी काळी हाय, हे तुमाला कुणी सांगितलं?"

शिवशंकरने पानं परत नेताना दादांचा चेहरा कुठे डागाळला नाही ना, तेवढं पाहिलं आणि छापायला पाठवली.

अंक निघाला, तसा त्याचा फोन आला. "ताई, दादा लई खूश! शेवटची चौकट तर फारच आवडली. हार घालतानाची. कार्यकर्ते मांजरसुंब्याच्या चौकात तिचा मोठा फ्लेक्स लावणार हायत."

"दादांनी वाचलं का?"

"बघितलं की!"

"फुगा ठेवणार ना?"

"ठेवणार म्हंजे काय! कशाला काढायचा? सरांची आठवण हाय ती."

"मग थांबा. तेवढी अक्षरं मी ठळक करून देते," दीपमाला म्हणाली. "धावत्या एसटीतूनही वाचता आली पाहिजेत."