ओटीतली माती

माकणीला फोन लावला की अक्षदा एकच वाक्य म्हणायची, "सगळं बरं हाय काकू." तेही मी विचारायच्या आधी. आता मी पन्नाशी ओलांडलेली बाई, मला बऱ्या माणसाचा आवाज कळतो. बरं असलेलं माणूस आधी कुरकुर करतं, ऊन लई, पाणी न्हाय, सासू बोलती. ही पोर कशाबद्दलच कुरकुरत नव्हती. आणि मला जे विचारायचं होतं ते फोनवर विचारायची सोय नव्हती, कारण त्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी सासू बसलेली असते. तुझ्या कुंडीत गोगलगायी निघाल्या का, हे नव्या नवरीला सासूसमोर कसं विचारायचं?

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी तव्यावर करपायची, नळ सोडला की टाकी वाहून अंगणभर पाणी व्हायचं. आमचे हे, उमाशंकर, जळकोटात हायवेवर मोटारी-पाइपांचं दुकान चालवतात. त्यांनी विचारलं, पायाला भिंगरी बांधलीय का काय. मी त्यांच्यावरच खेकसले. चूक त्यांची नव्हती, पण समोर तेच होते.

सगळं त्या अँथुरियमपायी. जळकोटच्या उन्हात अँथुरियम लावणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नाही, हे मला मान्य आहे. त्याला दमट सावली हवी, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्यावर पापड भाजतील. पण मी 'फुलवेडे' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे आणि तिथं सगळेच असले. नागपूरचे एक रिटायर पोस्टमास्तर स्वतः घामाघूम बसतात आणि कूलर ऑर्किडकडे लावतात. नाशिकची एक डॉक्टरीण थंडीत हेलिकोनियाला गोधडी पांघरते. ज्याच्या गावात जे उगवत नाही तेच त्याला हवं असतं.

माझी खास मैत्रीण किनाऱ्यावरच्या अंकोल्याची भुवनेश्वरी. आमचं बोलणं कन्नडात, कारण माझं माहेर कन्नड मुलखातलं, आळंदकडचं. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. मी तिला इथलं अडेनियम पाठवलं. आमच्याकडे ते दगडात फुलतं, तिच्याकडे पावसानं कुजायला लागलं, तर तिनं पावसाळाभर त्याच्यावर मोडकी छत्री बांधून ठेवली. गेल्या पावसाळ्यात तिनं मला अँथुरियम पाठवलं. मी न्हाणीघरामागं शेडनेट ताणून, चारी बाजूंनी ओली गोणपाटं टांगून त्याला खोली केली. हे त्या खोलीला आयसीयू म्हणायचे. पार्सल आलं की "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं" हे ठरलेलं. पण लाल फूल आलं तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं दाखवायला घेऊन येणारेही हेच.

ग्रुपचा एक नियम आहे. रोप पाठवायचं तर मुळं धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून. माती पाठवायची नाही. हा नियम मी आणि भुवनेश्वरीनं पहिल्यापासून मोडला. तिचं म्हणणं, लेक सासरी निघाली की रिकाम्या ओटीनं धाडतात का? मग रोपानं काय पाप केलंय? म्हणून ती रोपाबरोबर अंगणातली मूठभर लाल माती ब्लाउजपिसात बांधून पाठवायची. मला ते इतकं पटलं की मीही तेच सुरू केलं.

अक्षदा आमच्या शेजारच्या लिंबाजीची मुलगी. शाळेतून आली की दप्तर तिच्या घरी आणि पोर माझ्या घरी. गोणपाटांवर पाणी मारायचं काम तिचंच. यंदा माघात तिचं लग्न झालं, माकणीला दिली, धरणाच्या अलीकडे. पाठवणीच्या वेळी मी तिच्या हातात अँथुरियमचं पिल्लू दिलं, कुंडीसकट, आणि ओटीत मोठ्या कुंडीतली मूठभर लाल माती घातली. माहेरची माती हाय, कुंडीत जपून ठेव, असंही वर सांगितलं. मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि आता पाऊस लागल्यावर एका सकाळी बदलायला म्हणून गोणपाट उचललं, तर आतल्या बाजूनं शंखी गोगलगायी चिकटलेल्या. काही करंगळीएवढ्या, काही मुठीएवढ्या. कुंडी उकरली तर तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. वर्षभर पानांना भोकं पडत होती आणि मी खारीला शिव्या देत होते. त्यांना लागते ती ओल, तो अंधार, तो गारवा, सगळं मीच टांगून ठेवलं होतं. भुवनेश्वरीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, अय्यो अक्का, ह्या आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीवर असतातच की. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिच्या अंगणापुढं सोयाबीन नाही.

माझ्या अंगणातल्या मी मीठ आणि चुना घालून संपवल्या. पुढं हायवे, मागं सिमेंटचं कंपाउंड, त्यांना पळायला जागा नव्हती. पण अक्षदाच्या सासरी घराला लागूनच सोयाबीनचं रान. या दिवसांत पीक दोन-दोन पानांवर असतं आणि तसे कोंब गोगलगाय देठासकट फस्त करते. दुकानात येणारे शेतकरी तिचं नाव काढतानाही थुंकायचे. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गोगलगाय आता गावोगाव झालीय. तुझ्याच कुंडीतनं आली, कोण म्हणणार हाय?" ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी एसटी गाठली. लोहाऱ्यापर्यंत बस, पुढं काळी-पिवळी. वाटेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन. बाकीची माणसं डुलक्या काढत होती आणि मी प्रत्येक रानाची कड बघत होते. कुठं ओळ तुटलेली दिसली की मी मान बाहेर काढून बघायचे. जीपवाला गावाबाहेर चहाला थांबला, तेव्हा मी त्यालाही बोलून घेतलं.

अक्षदाच्या सासूबाई, सखूबाई, दारातच भेटल्या. किडकिडीत, ताठ, नजरेनं माणूस मोजणारी बाई. या बसा म्हणाल्या, पाणी दिलं, हसल्या मात्र नाहीत. ओसरीवर कुंडी होती. पानं पुसलेली, एकालाही भोक नाही, वर लाल फूल. बोटानं माती उकरून बघितली, एकही अंडं नाही. माझा जीव भांड्यात पडला. हे म्हणत होते तेच खरं, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला, चहा घ्यावा आणि संध्याकाळच्या जीपनं परतावं, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

अक्षदा चहा घेऊन आली. वाळली होती. कप ठेवताना तिची बोटं दिसली, पांढरी पडून चिरा गेलेली, धुणंभांडी करून पडत नाहीत अशा. मी काही विचारायच्या आत ती आत गेली.

मग सखूबाई जवळ सरकून बसल्या आणि आवाज उतरवून बोलायला लागल्या.

"तुमी तिला आईवानी, म्हणून सांगते. पोर कामाला वाघ हाय. पर घरातलं मीठ सरतंय बाई. कालवणात तर जात न्हाय. पहाटं उठती, वटीत मीठ घेती आन रानात जाती. रोज. वस्तीवरच्या बायांनी बघितलंय. आन त्याच कडंचं सोयाबीन वाळल्यावानी जायलंय. मिठानं काय काय करत्यात ते मला कळत न्हाय व्हय? इचारलं तर तोंड उघडत न्हाय. आईतवारी तिच्या बापाला बोलवलंय. घेऊन जा म्हणून सांगणार."

मी कप खाली ठेवला. जळकोटला मीच किलोवारी मीठ ओतून बसले होते, मला आणखी काही सांगायला नको होतं. त्या चिरा कशाच्या, ती पुसलेली पानं कशाची, "सगळं बरं हाय" कशासाठी, सगळं एकदम कळलं. मी वर बघितलं तर अक्षदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान हलवली. नका, म्हणत होती. करणीचा आळ घेऊन ही पोर माहेरी जायला तयार होती, पण माझं नाव तिला निघू द्यायचं नव्हतं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशीही धरावीशी वाटली.

"सखूबाई," मी म्हटलं, "तुमच्या रानात गोगलगाय हाय. ती म्या दिलेल्या मातीतनं आली. पोर मीठ घेऊन तीच मारायला जाती."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग उठल्या आणि मागच्या दारानं निघाल्या. आम्ही दोघी त्यांच्यामागं. गोठ्याच्या मागं अक्षदानं एक फळी बाजूला केली. खाली पत्र्याचा डबा, त्यात खारं पाणी आणि काठोकाठ शंख. वास असा की गाईनं तोंड फिरवलं. तिथून रानाच्या कडेच्या ओळी दिसत होत्या, म्हणजे जिथं ओळी असायला हव्या होत्या ती जागा. सखूबाई वाकल्या, एक खुंटलेला देठ उपटून त्यांनी नीट बघितला. वाळलेला नव्हता, खाल्लेला होता.

अक्षदा तुटक तुटक सांगत होती. पेरणीनंतर पहिली दिसली ती कुंडीवरच. तिला वाटलं, पाच-दहा असतील, वेचून संपतील. रोज वेचली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच. सांगितलं असतं तर झाड उकिरड्यावर गेलं असतं आणि पोरीच्या माहेरानं रोग धाडला असं गावभर झालं असतं.

मी तिला तिथंच झापलं. झाडासाठी कुणी संसार पणाला लावतं का, म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमीच म्हणला व्हता नव्हं, जपून ठेव."

सखूबाईंच्या हातात तो देठ तसाच होता. त्या गोठ्याच्या खांबाला टेकून म्हणाल्या, "झाड ऱ्हाऊ द्या. त्याचं काय चुकलं न्हाय. माती तेवढी तुमची तुमी घेऊन जावा."

मी कुंडी उपडी केली. बोअरच्या नळाखाली मुळं धरली आणि शेवटचा कण निघेपर्यंत धूत राहिले. लाल पाणी जायला लागलं तसं अक्षदाला हुंदका आला, पण मी हात थांबवला नाही. खरं सांगायचं तर अँथुरियमला माती लागतच नाही. विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या त्याला पुरतो, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती माती झाडाला नको होती, आम्हा बायकांना हवी होती. मी ती सगळी प्लास्टिकच्या पिशवीत भरली, वर मूठभर मीठ टाकलं, गाठ मारली आणि पिशवी माझ्या चपलांशेजारी ठेवली. मग विटा फोडून झाड पुन्हा लावलं. काथ्या सखूबाईंच्या देवळीतल्या नारळांचाच होता.

संध्याकाळची जीप गेली. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून आम्ही रानाच्या कडेनं अंथरली, कारण दिवस कलला की गोगलगायी तिथं गोळा होतात. आयसीयूचं ज्ञान शेवटी असं उपयोगी आलं. हातांना पिशव्या बांधून मी आणि अक्षदा वेचायला बसलो. माझी कंबर आधीच गेलेली, त्यात चिखल. सखूबाई आमच्यात आल्या नाहीत. लांबून आमच्याकडे बघत दावणीची कामं उरकत होत्या, आणि ते बघणं मला पाठीवर जाणवत होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डब्यातलं मीठ संपलं म्हणून मी हाक मारली. सखूबाई वाडगं घेऊन बांधावर आल्या. मी हाताला बांधलेली पिशवी काढून तळहात पुढं केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि वाडगं माझ्या पायाशी बांधावर ठेवलं.

मला ते लागलं. एवढंही हातात द्यायचं नाही का, वाटलं. मग आठवलं, मीठ कुणी हातात देत नाही, दिलं की भांडण होतं म्हणतात.

सखूबाईंनी लुगड्याचा ओचा वर खोचला आणि आमच्या पलीकडच्या ओळीत बसल्या.

"लिंबाजीभाऊला फोन लावा," त्या म्हणाल्या. "आईतवारी या म्हणावं. येचायला."

अक्षदानं माझ्याकडे बघितलं. मी वाडगं उचललं, डब्यात मीठ ओतलं आणि पुढच्या गोणपाटाकडे सरकले.