त्या निळ्या खुर्चीवर बसू नको गा

मी खुर्ची बोलून राहिली. हळूच बोलते, बाहेर कोणी ऐकलं तर पंचाईत.

रामदासपेठेतल्या एका ऑफिसात राहते मी. आम्ही चौघी बहिणी एकाच टेम्पोतून आलो. तिघी रिसेप्शनले गेल्या. मी मागच्या खोलीत, काउन्सेलिंगवाल्या भैरवी मॅडमसमोर.

"इथलं बोलणं इथंच राहते," मॅडम सगळ्यांले सांगत. कोणाले पटत नव्हतं.

पहिली बसली सोनिका. खूप रडली, हलकी झाली. मंग तिले दुसरीकडं चांगली नोकरी लागली. नंतर धर्मेंद्र बसला. त्यानं काटोलची संत्र्याची बाग सांभाळाचं ठरवलं. दोघंही हसत गेले. ऑफिसनं मात्र एवढंच पाह्यलं: माह्यावर बसलं का नोकरी जाते.

कोणीतरी माह्या पाठीले लिंबू-मिरच्या बांधल्या. मलेच माह्यं भेव वाटाले लागलं.

ऑफिसातला प्रशिक रोज दारापर्यंत येत होता. लिफ्टमध्ये त्याचा श्वास अडके, हे मले मागून समजलं. त्यानं घरीही सांगितलं नव्हतं. माह्याकडं असा पाहे, जशी मी चावतेच.

"ये ना," मॅडम म्हणत.

"नाही मॅडम, एसी चालू हाय का पाहाले आलतो."

बाहेर त्याच्या बाजूच्या टेबलावरची मेघा टपलेलीच. "काहून गेलता गा तिकडं? घरी बसाचं हाय का?"

एक दिवस तो दारातच खाली बसला. घामाघूम. मॅडमनं पाणी देल्लं, पण बाहेर पावलं वाजली अन् तो पळाला. मी काय करू? चार पाय हायेत, चालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, चंपतराव. "हे काय लिंबू-मिरच्या लावून राहिले? पाहा, मी बसून दाखवतो!"

बसले. त्याच हप्त्यात त्यांचं प्रमोशन झालं.

झालं! दारासमोर लाइन. मेघानं तर मले हळद-कुंकू लावलं. "मॅडम, माह्यं प्रेझेंटेशन हाय. तुमी काही बोलू नका, फक्त बसू द्या."

लाइनीत प्रशिकही होता.

"तुलेही प्रमोशन पाह्यजे का गा?" मेघानं विचारलं.

"हो ना," तो म्हणाला.

दार लागलं. तो बसला. माह्ये दोन्ही हात घट्ट धरले.

"मॅडम, मले सारखं भेव लागते."

आता तो दर मंगळवारी येते. कोणी "काहून आला?" म्हणत नाही.

म्हणून हात जोडते. म्हणजे जुळत नाहीत माह्ये, पण समजून घ्या. माह्यात काहीच नाही, हे तुमाले समजलं. ऑफिसात सांगू नका. प्रशिकचं अजून बोलून झालं नाही.