सातवा गज

त्या खोलीत सात गज होते. सहा खिडकीत उभे आणि सातवा मी, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. याशिवाय चार शिवणयंत्रं, दोन माग, रंगाची तीन पिंपं आणि टेबलाला साखळीने बांधलेली एक कात्री.

मित्रांनो, नाव एकच असलं तरी आमची कामं वेगळी. ते सहा जण लोखंडी, माणसं आत राहावीत म्हणून गाडलेले. मी एक जुना लाकडी गज, कापड मापणारा. एका सुताराने मला तासलं, अंगावर सोळा खुणा कोरल्या, दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसवली आणि तुरुंगाच्या शिवणखात्यात धाडलं. तिथे कैदी चादरी विणत, गणवेश शिवत. प्रत्येक कापड माझ्यावरून जाई. ‘गजाने सांगितलं म्हणजे झालं,’ असं सगळे म्हणत, आणि ते ऐकून मी ताठ व्हायचो. तसा मी मुळातच ताठ आहे, ही गोष्ट वेगळी.

मला सर्वांत जास्त हाताळलं ते मास्तरने. तो बाहेर शिंपी होता. दुकानातल्या भांडणात हातातली कात्री समोरच्याला लागली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. आमच्या कात्रीला साखळी का, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. नव्या कैद्याला तो पहिल्याच दिवशी शिकवायचा, “आधी भिजव, मग माप.” सुती कापड पाण्यात आटतं. कोरडं मापून शिवलं की पहिल्या धुण्यातच अंगाला बसेनासं होतं.

तो आत आला तेव्हा त्याची मुलगी बोबडं बोलत होती. निम्मी शिक्षा संपल्यावर त्याची बहीण तिला भेटीला घेऊन आली. मुलगी आत्याच्या पदराआड लपली आणि तिने विचारलं, “हे काका कोण?”

त्या दिवशी मास्तरने मला हातात घेतलं, पण मापलं काहीच नाही. शेजारच्या पिंपापाशी रंगारी होता, कोपरापर्यंत निळा झालेला कैदी. त्याला मास्तर म्हणाला, “अजून अडीच वर्षं थांबलो तर ती मला आजोबा म्हणेल.”

दोघांनी पळायचं ठरवलं. कापडाच्या काठांच्या टाकाऊ पट्ट्या पिळून त्यांनी दोर वळला. भिंतीबाहेर खोल खंदक होता. तिथे साफसफाईला नेलं तेव्हा मास्तरने विटांचे थर मोजून उंची काढली होती. दोर त्याने माझ्यावर मापला. पंधरा गज भरला, म्हणजे पुरून उरणार होता. पण रंगाऱ्याला शंका आली की पांढरा दोर काळ्या भिंतीवर लगेच दिसेल. म्हणून त्याने तो काळ्या रंगात चांगला उकळला आणि पिंपामागे वाळवला.

त्यानंतर तो दोर घेऊन माझ्यापाशी कोणी आलं नाही.

पुढचं मला रंगाऱ्याच्या तोंडून कळलं. धुक्याची संध्याकाळ होती. शिवणखात्याच्या छपरावरून दोघे भिंतीवर चढले, दिव्याच्या खांबाला दोर बांधला आणि आधी मास्तर उतरला. उतरता उतरता दोर संपला. पाय चाचपडले, खाली काहीच लागेना. त्याने विचार केला, दोराचा हिशेब चुकला म्हणजे खंदकाचाही चुकला असणार. खाली किती खोल आहे, कोणास ठाऊक. वरून रंगारी दबक्या आवाजात म्हणाला, “सोड की हात!” खालून उत्तर आलं, “मापल्याशिवाय कसा सोडू?”

एवढ्यात पहारेकऱ्याच्या बॅटरीचा झोत पडला. उजेडात मास्तरला दिसलं की जमीन त्याच्या पायांखाली वीतभरावर होती.

दुसऱ्या दिवशी जेलरसाहेबांनी दोर माझ्यावर मापायला लावला. भरला बारा गज. मास्तरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा रंगाच्या पिंपाकडे. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” रंगारी पुटपुटला. जेलरसाहेबांनी खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

दोघांची शिक्षा एकेक वर्षाने वाढली. त्यांना खात्यातून काढलं आणि मी खिळ्यावर धूळ खात राहिलो. मास्तरची बहीण भेटीला एकटीच आली. ती इतकंच म्हणाली, “दादा, भिंतीवरून उतरून आला असतास, तर पोरीला काय सांगायचं होतं? बाप आला की चोर आला?”

इकडे नवशिक्यांनी कोरड्या मापाचे गणवेश शिवले आणि पहारेकऱ्यांच्या विजारी पोटरीवर चढल्या. मास्तरला परत बोलावण्यात आलं. त्याने जेलरसाहेबांकडे एकच परवानगी मागितली. मुलीसाठी झगा शिवायचा होता, त्याच्या मापासाठी मला भेटीच्या खोलीत न्यायचं होतं.

त्या खोलीतही मध्ये गजच होते. मास्तरने मला त्यांच्या फटीतून पलीकडे सरकवलं. “टोक घट्ट धर. हललं की माप चुकतं.” मुलीने जीभ दातांत धरून माझं पितळी टोक पकडलं. तिने विचारलं, “मापताना तुम्ही एक डोळा का मिटता?” आणि मग तिनेही मिटला. नंतर आत्याने मला तिच्या शेजारी उभं करून तिची उंची घेतली. माझ्यापेक्षा ती जेवढी जास्त भरली, तेवढं अंतर माझ्या खालच्या टोकापासून मोजून मास्तरने सुईने माझ्या अंगावर एक बारीक खूण केली.

झग्याचं कापड त्याने आधी भिजवलं, वाळवलं आणि मगच मापलं.

पुढच्या भेटीला मुलगी तोच झगा घालून आली. आत्या म्हणाली, “दोनदा धुतला, जराही आटला नाही.” मुलीने मात्र गजांच्या फटीतून हात पुढे केला. “बाबा, तो गज द्या ना. मी वाढलेय.”

त्यानंतर दर भेटीला माझ्यावर एक खूण पडत गेली. मध्यंतरी खात्यात मापाच्या नव्या फिती आल्या आणि मी अडगळीत गेलो. पण मास्तर सुटला त्या दिवशी जेलरसाहेबांनी मला शोधून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, घरात जुनं, निरुपयोगी वाटणारं काही सापडलं, तर फेकण्याआधी त्याच्यावरच्या खुणा नीट बघा. आणि घाईत कोरडं माप घेऊन कुठलीही उडी ठरवू नका. आधी भिजवा, वाळू द्या, मग मापा.

घरी पोहोचल्यावर मुलगी स्वतःहून दाराला पाठ लावून उभी राहिली. या वेळी मध्ये काही नव्हतं. मास्तरने तिच्या डोक्यावर हात सपाट धरला, तिची उंची घेतली आणि माझ्यावर नवी खूण केली. मग पहिल्या खुणेवर अंगठा टेकवून त्याने बोटं ताणली. करंगळी नव्या खुणेवर पोहोचली. अंतर एक वीत भरलं.